पायलीचा शेर

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखाला मोजदादीची सवय फार जुनी आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी दगडाचा एक भला थोरला रांजण आजही उभा आहे. सातवाहनांच्या काळी घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकीत असत, असे सांगतात. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांमध्ये किती गाई दिल्या, किती कार्षापण वाटले, याचे आकडे त्यात दगडावर कोरून ठेवले आहेत. पण त्या यज्ञांत जेवायला बसलेल्या माणसाने किती घास खाल्ले, हे काही कोणी कोरलेले नाही. बरोबरच आहे. धान्य मोजावे, पैसा मोजावा. जेवणाराचे घास मोजू नयेत, ही आपल्याकडची शिकवण. घास मोजणाऱ्या घरी पाहुणा दुसऱ्यांदा जात नाही.

मला मात्र गेल्या काही वर्षांपासून स्वतःचेच घास मोजावे लागतात. त्याची ही हकीकत.

माझे माहेर आंबेगाव तालुक्यातले आणि सासर जुन्नर तालुक्यातले. आंबेगाव तालुका म्हणतात खरा, पण ज्या आंबेगावचे नाव त्याला आहे ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावात, आणि आमचे माहेरचे घरही तिथलेच. भीमाशंकराच्या बाजूचा पाऊस, भाताची खाचरे, पावसाळ्यात खेकड्यांचे कालवण. सासर त्याच्या अगदी उलट टोकाला, बेल्ह्याच्या पुढे आणे पठाराकडे. तिथे पावसाची वाट पाहावी लागते आणि बाजरीवर भिस्त. भात खाणारी मी बाजरीच्या भाकरीच्या घरात पडले, त्याला जवळजवळ तीस वर्षे झाली. पुढे ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही भोसरीला आलो. पण पुणे-नाशिक रस्त्यावरून मंचर, नारायणगाव, आळेफाटा करीत महिन्यातून एक फेरी गावी व्हायचीच, अजूनही होते.

सासरच्या कोठीत पितळी मापांची एक उतरंड आहे. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. गावागणिक या मापांत थोडे उणेअधिक होते, आणि किलो-लिटर येऊन तर साठ वर्षे उलटून गेली. तरी आमच्या सासूबाईंचे सगळे बोलणे शेरा-पायलीत. म्हणून डॉक्टरांनी जेव्हा कागदावर पखालीसारखे एक पोट काढले, त्यावर उभी रेघ ओढली आणि म्हणाले, "या रेघेपलीकडचे सगळे काढून टाकायचे, शंभरात पंचाहत्तर ते ऐंशी भाग," तेव्हा माझ्या मनाने लगेच हिशेब केला : पायलीतले तीन शेर गेले. राहिला एक शेर, आणि तोही थोडा उणाच.

ही गोष्ट २०२२ सालच्या फेब्रुवारीतली. माझे वजन तेव्हा १०४ किलो होते आणि उंची पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून डॉक्टर लोक एक आकडा काढतात. माझा तो ४५ आला होता. पाश्चात्त्य देशांत हा आकडा ३० झाला की माणसाला लठ्ठ म्हणतात, आपल्याकडे २५ लाच म्हणतात. कारण आपल्या लोकांना तेवढ्या वजनातच मधुमेह आणि रक्तदाब गाठतात. मला दोन्हींनी गाठले होते. शिवाय गुडघे. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जिना चढून जाताना मी प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांची खुशाली विचारीत असे. त्यामुळे इमारतीत माझी मोठी माणुसकीची बाई म्हणून ख्याती झाली होती. खरे कारण मला आणि माझ्या गुडघ्यांना ठाऊक!

ही शस्त्रक्रिया म्हणजे काही कालची टूम नव्हे. १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी वजन उतरवण्यासाठी जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून तिचे निरनिराळे प्रकार निघत गेले. माझी झाली ती त्यांतली साधी. जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि उरलेल्याला सदऱ्याच्या बाहीसारखा आकार येतो. म्हणून तिला 'स्लीव्ह' म्हणतात. यात नुसती जागाच कमी होते असे नाही. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यतः त्या कापलेल्या भागातच तयार होते. त्यामुळे निदान पहिले वर्षभर तरी भूकही फारशी तोंड वर काढीत नाही.

पण नातेवाइकांना घ्रेलिन कोण सांगणार? २०१७ च्या फेब्रुवारीत इमान अहमद नावाच्या इजिप्तच्या तरुणीला मालवाहू विमानाने मुंबईला आणले होते, ते पुष्कळांना आठवत असेल. तिचे वजन पाचशे किलोच्या घरात असल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. बिचारी त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबीला वारली. तेव्हापासून आमच्या नात्यात अशी समजूत की, हे ऑपरेशन म्हणजे विमानात मावत नाही अशा माणसाचे शेवटचे औषध. माझी चुलतसासू भोसरीला मला भेटायला आली ती डोळ्यांना पदर लावूनच. "येवढी कुठं जाड होतीस गं तू? खात्यापित्या घरची दिसायचीस!" असे म्हणून तिने पिशवीतून डिंकाच्या लाडवांचा डबा काढला आणि माझ्या उशाशी ठेवला.

त्या वेळी माझे जेवण काय होते, ते सांगते. पहिल्या दिवशी पाण्याचे घोट. घोट म्हणजे तुम्ही-आम्ही म्हणतो तो घोट नव्हे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला झाकण असते ना, त्या झाकणाने मोजून घ्यायचे. एक झाकण पाणी, मग थांबायचे, मग दुसरे झाकण. पुढचे दोन आठवडे सगळे पातळच : ताक, वरणाचे गाळलेले पाणी, मुगाचे कढण. मग दोन आठवडे घोटलेले, बाळाच्या उष्टावणासारखे. मग मऊ वरण, कुस्करलेले अंडे. बाजरीच्या भाकरीचा पहिला तुकडा तोंडात गेला तो दोन महिन्यांनी, नखाएवढा, आमटीत भिजवून. बत्तीस वेळा चावून खा, असे लहानपणी शाळेत सांगत आणि आम्ही हसत असू. आता ते हसण्यावारी नेण्याची सोय राहिली नाही. नीट न चावलेला एक घास, किंवा पोट भरल्यावर वर घेतलेला एकच घास छातीच्या मध्यभागी दगडासारखा बसतो, तोंडाला पाणी सुटते, नाक वाहू लागते. पूर्वी माझ्या पोटाला बोलता येत नसे. आता ते चांगले ठणकावून बोलते.

पाण्याचीही एक मौज आहे. आपल्याकडे जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला पाण्याचा तांब्या ठेवल्याखेरीज पान मांडले असे होत नाही. मला जेवताना पाणी वर्ज्य. जेवण झाल्यावर अर्धा तास गेला की मग घोट घोट करीत दिवसभरात दीड-दोन लिटर संपवायचे. गावी कोणाकडे जेवायला बसले की, "पाणी वाढा गं, घास अडकंल तिला," असा ओरडा होतो आणि माझ्यापुढे दोन बाजूंनी दोन तांबे येतात.

हे सगळे दोन-चार महिन्यांत अंगवळणी पडले. शरीर बिचारे आज्ञाधारक असते. खरी अडचण पुढेच होती, आणि ती पोटातली नव्हती, स्वयंपाकघरातली होती.

शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला समोर बसवून वही उघडली होती. विशीपंचविशीची चुणचुणीत मुलगी. तिने विचारले, "काकू, तुम्ही दुपारी साधारण किती जेवता?"

मी म्हटले, "उरेल तेवढे."

तिला वाटले, मी थट्टा करते आहे. पण ते अक्षरशः खरे होते. माझ्या आईचे माप तेच होते, सासूबाईंचे तेच, आणि माझेही तेच. आधी पुरुषमाणसे, मग मुले, आलागेला, आणि शेवटी आपण. मुलाने अर्धी टाकलेली पोळी, ह्यांनी "आता पुरे" म्हणून ठेवलेली वाटीभर आमटी, सकाळचा मूठभर भात, पातेल्याच्या बुडाची खरड. अन्न टाकायचे नाही, हे तर आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. मग ते जाणार कुठे? ज्या दिवशी पुष्कळ उरले त्या दिवशी मी पुष्कळ जेवायची. ज्या दिवशी पाहुणे येऊन सगळे संपवून गेले त्या दिवशी चटणी-भाकरी, आणि मग चार वाजता भुकेच्या भरात चहाबरोबर हाताला लागेल ते. मला किती हवे, हा प्रश्न माझ्या ताटाला कधी कोणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही. त्या मुलीने वहीत काय लिहून घेतले, कोण जाणे.

शस्त्रक्रियेनंतर तिने जो तक्ता दिला त्यातला पहिलाच नियम असा : जेवणाची वेळ ठरलेली हवी, आणि ती चुकवायची नाही. दुसरा : पहिला घास प्रथिनांचा. म्हणजे आधी उसळ, अंडे, पनीर, घट्ट वरण, कोंबडीचा तुकडा, मग भाजी, आणि जागा राहिलीच तर भाकरी किंवा भात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने गेली पाहिजेत. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. शेराच्या पोटात ६० बसवणे म्हणजे एस. टी.च्या लाल डब्यात आख्खे वऱ्हाड बसवण्यासारखे आहे. ते न बसले तर स्नायू झिजतात. केस तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकांचे थोडेफार गळतातच; प्रथिने कमी पडली तर अधिकच. याखेरीज ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या, त्या जन्मभर. तिसरा नियम : वीस-पंचवीस मिनिटे शांत बसून जेवायचे. ताटाऐवजी बशी, आणि एकच वाटी.

आता हे तिन्ही नियम एखाद्या सुनेच्या दृष्टीने वाचून पाहा. ठरल्या वेळी जेवायचे, म्हणजे कोणी आले नसले तरी आधी जेवायचे. प्रथिने आधी, म्हणजे पातेल्यातले चांगले ते आधी घ्यायचे. अंडे, पनीर, रश्श्यातला तुकडा, जे आजवर पुरुषांच्या आणि मुलांच्या पानात पडत आले, ते. आणि पंचवीस मिनिटे बसून खायचे, म्हणजे तेवढा वेळ दुसऱ्या कोणाला वाढायला उठायचे नाही. सर्जनने माझे पोट तासा-दीड तासात लहान केले. पण हा तक्ता आमच्या घरात लागू व्हायला दीड वर्ष लागले.

हे तसे समजूतदार. पण पहिल्यांदा कंपनीतून घरी आले आणि मला एकटीला बशी घेऊन बसलेली पाहिले तेव्हा दारातच थबकले. "बरं नाही का?" म्हणाले. बाई आधी जेवते आहे, म्हणजे ती आजारी असली पाहिजे! मुलाने मात्र दुसऱ्याच दिवशी स्वतःचे पान स्वतः वाढून घेतले. त्या दिवशी भाजी थोडी उरली. मी सवयीने पातेले उचलले आणि तशीच उभी राहिले, कारण ते पोटात घालायची सोय उरली नव्हती. शेवटी ती भाजी डब्यात घालून ह्यांनी दुसऱ्या दिवशी कंपनीत नेली. तेव्हापासून आमच्याकडे स्वयंपाकाचा अंदाजच बदलला. इतकी वर्षे सगळ्या घराचे वरचढ झालेले माझ्या पोटात रिचत होते, म्हणून आपण दररोज दोन भाकऱ्या जास्त थापतो, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

भोसरीचे हे असे जमले. गावाकडचा प्रश्न वेगळा होता. तिथे आग्रह हा मायेचा शेर असतो आणि तो सव्वाशेर भरूनच द्यायचा असतो. आमच्याकडची मासवडी तुम्हांला ठाऊक असेल. तिच्यात मासा नसतो, हे पुण्याच्या पाहुण्यांना आधी सांगावे लागते. बेसनाचे घट्ट पिठले ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर खोबरे, तीळ, खसखस, कांदा-लसूण, कोथिंबीर यांचे सारण पसरायचे, गुंडाळी करून माशाच्या आकाराच्या वड्या कापायच्या, आणि वर लाल तिखट रस्सा. ही करायला निम्मा दिवस जातो. म्हणून ती ज्याच्या पानात पडते त्याने सात-आठ तरी खाव्यात, अशी करणारीची अपेक्षा असते. मी दोन खाते. बेसनाच्या त्या दोन वड्या माझ्या तक्त्यात चांगल्या बसतात. पण करणारीच्या मनात बसत नाहीत.

"डॉक्टरांनी सांगितले आहे" या सबबीला गावी काडीची किंमत नाही. "डाक्टर काय, सांगत्यात! घरचं खाल्ल्यानं कधी काय झालंय?" मग मला एक युक्ती सापडली. "आज उपास आहे" म्हटले की सगळे हात जोडतात. ओझर आणि लेण्याद्री असे दोन अष्टविनायक आमच्याच तालुक्यात. संकष्टीला कोणी आग्रह करीत नाही. पण ही युक्ती फार दिवस चालली नाही, कारण उपास म्हटले की पाठोपाठ साबुदाण्याची खिचडी येते, बटाट्याचा कीस येतो, वरी येते, आणि ते सगळे माझ्या दृष्टीने जेवणापेक्षा वाईट. देवासाठी उपाशी राहणे सोपे आहे. उपासाचे न खाणे महाकठीण!

खरा मार्ग मला आण्याला सापडला. आण्याच्या रंगदासस्वामींच्या यात्रेत थंडीच्या दिवसांत आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. मोठमोठ्या कढयांमधून आमटी शिजते, भाकरी आसपासच्या घराघरांतून येतात, आणि हजारो माणसे पंगतीला बसतात. मी बसले खरी, पण मनात धास्ती. बादली घेऊन वाढणारा एक म्हातारा बाबा पुढे आला. मी द्रोणावर हात आडवा धरला आणि म्हटले, "बाबा, पळीभरच. माझं पोट लहान आहे." तो म्हणाला, "आवं ताई, परसाद हाय ह्यो. परसादाला कुठं माप आस्तंय? बोटभर घेतला तरी पुरा." आणि पळीभर आमटी घालून तो पुढे गेला. ना रुसवा, ना आग्रह.

परतीच्या वाटेवर मी त्या बोलण्याचाच विचार करीत होते. तळहातावर चिमूटभर शिरा पडला तर, "एवढाच?" असे देवळात कोणी म्हणत नाही. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असे म्हणणारे आपणच. पाहुण्याला बोलावताना आपण, "चार घास खाऊन जा," असेच म्हणतो; चाळीस म्हणत नाही. म्हणजे थोडके खाण्याला आपल्या रीतीत मानाची जागा आहेच. मी तेव्हापासून कोणाकडेही गेले की वाढण्याच्या आधीच सांगते, "काकू, तुमच्या हातचं मला प्रसादासारखं द्या." बायका हसतात आणि थोडेच वाढतात. दहांतल्या सात घरी हे चालते. उरलेल्या तीन घरी मी डबा पुढे करते. तुमची मासवडी घरी नेऊन चार वेळा खाईन, असे सांगते, आणि खातेही.

सासूबाईंपुढे मात्र प्रसाद चालेना आणि डबाही चालेना. त्यांचे दुःख निराळेच होते. मी आधी जेवायला बसले की त्या उठून ओसरीवर जायच्या. एकदा मी विचारलेच, "आत्या, माझं काही चुकतंय का?" बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडाया जायचो. ह्यो तुझा नवरा वरसाचा, पाटीत निजवायचा. सुकडी मिळायची, मिलूची लाल भाकर आसायची. आधी मालकाला, मंग पोराला, मंग सासू-सासऱ्याला. ऱ्हायलं तर आपल्याला, न्हाई तर पानी. तवा ठरावलं व्हतं, माझ्या घरात सून यील ती कधी आर्ध्या पोटी उठायची न्हाई. आन् तू चार घास खाऊन उठतीस."

पठाराकडच्या बायांनी १९७२ चा दुष्काळ कसा काढला ते मी ऐकून होते. परदेशातून आलेल्या त्या लाल मिलोची भाकरी थापता थापता तुटायची, हेही ऐकले होते. पण भरलेल्या ताटाशी त्यांनी इतकी मोठी शपथ बांधली असेल, हे मला माहीत नव्हते. मी त्यांना माझ्या औषधांच्या चिठ्ठ्या दाखवल्या. पूर्वी मधुमेहाच्या दोन गोळ्या सकाळी आणि दोन रात्री होत्या, आता एकही नाही. तपासणी तेवढी चालू असते. वजन १०४ वरून ७१ वर आले आहे. जिना न थांबता चढते. "आत्या, मी अर्ध्या पोटी उठत नाही. पोटच तेवढं आहे, आणि ते पुरं भरतं," असे सांगितले. त्या "हूं" म्हणाल्या आणि गप्प राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुलग्याची शेंगोळी होती. सासूबाई कोठीत गेल्या आणि उतरंडीतले खालून दुसरे माप, ते पितळी कोळवे, चिंचेने लख्ख घासून घेऊन आल्या. "ह्यात मावतंय का तुझं जेवान?" म्हणाल्या. मी पाहिले, माझ्या वाटीएवढेच होते. त्यांनी ते शेंगोळ्यांनी भरले, माझ्या बशीत ओतले, आणि म्हणाल्या, "आधी तू खा. मंग आमी." ह्यांचे पान तेव्हा अजून मांडायचे होते. दीर बाहेर हात धूत होते. त्या घरात पुरुषांच्या आधी सुनेला वाढले गेल्याचे मी तरी प्रथमच पाहिले. मग, "आत्या, तुम्हीही बसा ना," म्हटले, तर म्हणाल्या, "मला मेलीला आता कशाला!" पण बसल्या. त्या दिवसापासून आम्ही गावी असलो की दोघी बरोबर बसतो. त्या त्र्याहत्तरीच्या पुढे गेल्या आहेत, आणि गरम भाकरी तव्यावरून ताटात पडली की काय लागते, हे आता म्हातारपणी कळले, असे सांगून हसतात.

आता दिवाळीचे. दिवाळी हा माझ्यासारखीला खरा परीक्षेचा काळ. आणि परीक्षा जेवणाची नसते, चिवड्याची असते. लोकांना वाटते, पोट लहान केले म्हणजे वजन कायमचे गेले. तसे नाही. भाकरी-उसळीने हे पोट पटकन भरते आणि थांब म्हणते. पण चिवडा, शेव, चकली, बिस्किटे ही भुसभुशीत मंडळी दाताखाली विरून सरळ खाली घसरतात आणि पोट भरल्याचा निरोपच येत नाही. येताजाता एकेक मूठ टाकली तर दिवसभरात डबा संपेल. पोट लहान झाले तरी दिवस काही लहान होत नाही! पुष्कळांचे वजन दोन-तीन वर्षांनी पुन्हा चढते ते अशा चरण्याने. गोडाचा आणखी एक प्रताप असा की, लाडू-करंजीसारखे काही भरभर खाल्ले तर काहींच्या छातीत धडधडते, घाम फुटतो, आणि पडून राहावे लागते.

म्हणून मी फराळाला सुट्टी दिलेली नाही, वेळ दिली आहे. सकाळी अभ्यंगस्नान झाल्यावर आधी एक उकडलेले अंडे किंवा वाटीभर पनीर, आणि मग बशीत एक चकली, अर्धी करंजी, चमचाभर चिवडा. बशी घेऊन खुर्चीवर बसायचे, डबा उघडून उभ्या उभ्या खायचे नाही. अर्धी करंजी पंधरा मिनिटे पुरवून खाल्ली की तिच्यातली वेलची, जायफळ आणि किंचित करपलेले खोबरे, सगळे वेगवेगळे कळते. पूर्वी मी चार करंज्या खात असे तेव्हा हे कळत नव्हते.

गेल्या वैशाखात आमच्या मुलाचे लग्न झाले. सूनबाई मंचरची. ती आली त्या आठवड्यात मी सगळी भांडी टेबलाच्या मध्यभागी मांडली आणि सांगितले, "आपल्याकडे सगळे एकदम बसतात आणि ज्याचे तो घेतो. उरले तर उद्या सगळ्यांनी मिळून संपवायचे. कोणी एकटीने नाही." तिला थोडे नवल वाटले असावे. चार दिवस तिने हात आखडताच घेतला. पाचव्या दिवशी तिने वाटाण्याच्या उसळीचा डाव उचलला, आधी माझी वाटी भरली, मग स्वतःची, आणि ह्यांना विचारले, "बाबा, तुम्हांला किती वाढू?"

तुमच्या घरी कोणाची शस्त्रक्रिया झालेली नसेल, आणि होऊही नये. पण या दिवाळीत पाहुण्याला किंवा घरच्या कोणाला वाढताना, "आणखी वाढू का?" म्हणायच्या आधी एकदा, "किती वाढू?" म्हणून पाहा. आणि डाव हातात असलेल्या बाईलाही ते कोणीतरी विचारा. तिला बहुधा लगेच उत्तर देता येणार नाही. थोडे थांबा, दोन-चार दिवसांत ती सांगू लागेल.